सुईबंदीतले लिंबाजीभाऊ

लिंबाजीभाऊंच्या ओट्यावर चहा प्यायचा असेल, तर आधी जबाब द्यावा लागतो. आज कोणती गोळी घेतली, काल कोणती घेतली, खोकल्याचं औषध शेवटचं कधी प्यालात, हे सगळं सांगून झाल्याशिवाय कपबशी पुढे सरकत नाही. लोक भेटल्यावर रामराम करतात. लिंबाजीभाऊ विचारतात, "अंगात काय गेलं?" आमच्याकडे नवीन आलेल्या ग्रामसेवकाला त्यांनी पहिल्याच दिवशी हा प्रश्न टाकला, तर तो बिचारा छातीवर हात ठेवून म्हणाला, "सोडली हो, तीन महिने झाले." गावाला ही माहिती अशी आयती मिळाली.

मी वारंगा फाट्याच्या शाळेत मास्तर. लिंबाजीभाऊंची आणि माझी भिंत एक, त्यामुळे त्यांच्या तपासणीतून मी रोजच जातो. रक्तदाबाची गोळी चालू असल्यामुळे त्यांच्या लेखी मी कायमचा संशयित आहे.

हा माणूस पंचवीस वर्षं फाट्यावरच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होता. आमच्या भागात सुई न टोचता परत पाठवलेला पेशंट बाहेर येऊन सांगतो की डॉक्टरला काही येत नाही. सलाईन लावली की मात्र डॉक्टर देवमाणूस. त्यामुळे दवाखान्यात खरी वट होती ती लिंबाजीभाऊंची. माणसं त्यांना चेहऱ्यानं आठवत नाहीत, शिरेनं आठवतात. "सरपंचाची शीर सापडत न्हाई गुरुजी, माणूस लबाड हाय. बराबर?" माझ्याबद्दलही त्यांचं मत पक्कं आहे. माझी शीर सरळ आहे, पण घाबरट आहे.

डॉक्टर मुलाकडे शहरात राहायला गेले, दवाखाना बंद झाला आणि लिंबाजीभाऊ फाट्यावर थांबणाऱ्या ट्रक ड्रायव्हरांच्या कमरा चोळू लागले. हात खरंच चांगला होता. तिकडे शेजारच्या तांड्यावरची कविता, जी रोज सायकलनं कळमनुरीला कॉलेजात जायची, ती शर्यती जिंकत जिंकत एका कंपनीच्या सायकल टीममध्ये गेली. पगारी टीम, पुण्याजवळ कॅम्प, परदेशी सायकली. टीमला मालिश करणारा माणूस हवा होता. कवितानं लिंबाजीकाकांचं नाव सांगितलं.

गावानं सत्कार केला. शाल, नारळ आणि फाट्यावर भलामोठा फलक. फलकावर लिंबाजीभाऊंचा फोटो मोठा आणि सायकल चालवणाऱ्या कविताचा फोटो खाली तिकिटाएवढा.

पाचव्या महिन्यात लिंबाजीभाऊ बॅग घेऊन एसटीतून उतरले. मी विचारलं, "काहून आले हो?" तर छाती पुढे काढून म्हणाले, "डोपिंगच्या नियमात काढलं आपल्याला!" पद्म पुरस्कार मिळालेला माणूस एवढ्या थाटात बोलत नसेल. संध्याकाळपर्यंत फाटाभर झालं की लिंबाजी उत्तेजक घेऊन सायकल चालवताना पकडला गेला. अठ्ठावन्न वर्षांचा, सुटलेल्या पोटाचा हा माणूस कोणत्या शर्यतीत कितवा आला असेल, यावर हॉटेलात आठवडाभर चर्चा चालली.

खरी हकीकत त्यांनी मला नंतर सांगितली, तीही अभिमानानंच.

शर्यतीच्या आदल्या दिवशी कविताला जुलाब लागले. भर दुपारी लॉजच्या खोलीत पोरगी पांढरीफटक पडलेली. टीमच्या डॉक्टरला फोन लावला, तर तो म्हणाला, "योग्य वाटेल ते करा." आता वारंगा फाट्याच्या कंपाउंडरला अशा वेळी योग्य काय वाटणार? त्यांनी ड्रायव्हरला पिटाळून सलाईन आणवली. पडद्याच्या दांडीला कपड्याचा हँगर अडकवला, त्याला बाटली लटकवली, पहिल्याच फटक्यात शीर पकडली. नियम असा होता की टीमच्या माणसानं खेळाडूला सुई टोचायची नाही. सलाईन लावायची तर दवाखान्यात, डॉक्टरच्या सहीनं.

एवढ्यावरही निभावलं असतं कदाचित. पण आमच्याकडे सलाईन लावली की फोटो काढावाच लागतो. त्याशिवाय पेशंट आजारी होता हे नातेवाइकांना पटत नाही. लिंबाजीभाऊंनी रीतीप्रमाणे कविताच्या उशाशी चार मोसंब्या मांडल्या, बाटली नीट दिसेल असा फोटो काढला आणि खाली लिहिलं, "आपली कविता आजारी. सलाईन चालू. काळजी नसावी. आपला लिंबाजी कंपाउंडर, वारंगा फाटा." हे स्टेटसला ठेवलं आणि ज्यांना काळजी वाटेल अशा सगळ्यांना कळावं म्हणून टीमच्या ग्रुपवरही टाकलं. त्या ग्रुपात मॅनेजर होता, कंपनीचे साहेब होते आणि खेळाडूंची औषधं तपासणारे अधिकारीही होते.

पाचव्या मिनिटाला दार वाजलं. "मला वाटलं, बघायला आले," लिंबाजीभाऊ मला म्हणाले.

टीमनं तडकाफडकी तिघांना काढलं. लिंबाजीभाऊ गेले. बाटली आणणारा ड्रायव्हर गेला. व्यायाम घेणारी एक शिकाऊ मुलगी गेली, जी त्या दिवशी रजेवर होती. "योग्य वाटेल ते करा" म्हणणारा डॉक्टर राहिला, आणि आमच्या टीममध्ये गैरप्रकाराला जराही थारा नाही हे पत्रकारांना त्यानंच सांगितलं. अशी साफसफाई आपल्या जिल्ह्यातल्या कचेऱ्यांनाच जमते असं मी समजत होतो. कंपन्याही मागे नाहीत.

कोणी दुसरा असता तर त्यानं नियमाला शिव्या घातल्या असत्या. लिंबाजीभाऊ नियमाचेच पुजारी झाले. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात सायकलची शर्यत होती. त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं, ही माझी चूक. त्यांनी सुरुवातीच्या रेघेवर उभं राहून एकेकाला विचारलं आणि सर्दीची गोळी, पोटदुखीचा काढा, आजीनं दिलेली मात्रा असल्या आरोपांखाली आठ जणांना बाद केलं. उरलेला एकटाच सायकलीवर निघाला आणि तरीही दोनदा पडला. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात त्यांनी एका व्यापाऱ्याला बैलाच्या अंगात काय गेलं ते विचारलं. व्यापारी म्हणाला, "कडबा गेला. तुमाला बी देऊ का?"

आम्ही सगळे हसलो. मी तर शिक्षकांच्या खोलीत त्यांची नक्कल करून दाखवायचो.

कविता मात्र तांड्यावर परत येऊन बसली होती. तिची चौकशी लागली होती. तिनं स्वतः सलाईन मागितली असं ठरलं, तर दोन वर्षं शर्यत बंद. शहरातल्या पोरीला दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं. तांड्यावरच्या पोरीला दोन वर्षं घरी बसणं म्हणजे लग्न. तिला बघायला पाहुणे यायलाही लागले होते.

चौकशी कम्प्युटरवर होती आणि बरा कम्प्युटर फक्त आमच्या शाळेत. चौकशीच्या दिवशी दुपारी लिंबाजीभाऊ आले ते दवाखान्यातला जुना पांढरा कोट घालून. पोटावरचं बटण लागत नव्हतं. मी त्यांना शिकवून ठेवलं होतं, "एवढंच म्हणा, नियम माहीत नव्हता."

"माहीत नव्हता?" ते भडकले. "मी सही केली हाय गुरुजी. त्यांनी हिंदीत वाचून दाखिवलं, मी पाठ केलं. मला अडाणी समजून राहिले का?"

मी कपाळाला हात लावला. हा माणूस आता शिरांवर भाषण देणार आणि पोरीचं नशीब फोडणार, अशी माझी खात्री झाली.

पडद्यावर तिघे अधिकारी दिसत होते. चौथ्या चौकटीत कविता, मागे तिच्या घराची निळी भिंत. मधल्या बाई मराठी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी विचारलं, "नियम माहीत होता?"

"व्हय."

"कवितानं सलाईन मागितली होती?"

"न्हाई. तिनं दोनदा नको म्हणलं. काका, नियमात बसत न्हाई, म्हणली. मी तिच्यावर डाफरलो. हात दाबून धरला आन् टोचली. ते पोरगं काय करतंय? अंगात जीवच नव्हता त्याच्या."

कवितानं काही बोलायला तोंड उघडलं. बाईंनी तिला थांबवलं. "नियम माहीत होता, ती नको म्हणत होती. मग का टोचली?"

लिंबाजीभाऊंची बोटं कोटाच्या सुटलेल्या बटणाशी चाळा करत होती.

"लेकरू थरथरून राहिलं होतं, मॅडम," ते म्हणाले. "मला दुसरं काही येत न्हाई."

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. याच माणसाची नक्कल करून मी हशे मिळवत होतो, त्याची मला मनापासून लाज वाटली.

निकाल आला. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती हे त्या मोसंब्यांच्या फोटोतच दिसत होतं आणि पाच मिनिटांत सुई काढलीही होती, त्यामुळे अंगात फारसं काही गेलेलं नाही हे मान्य झालं. कविताला ताकीद देऊन सोडलं आणि टीमनं तिला परत घेतलं. लिंबाजीभाऊंना मात्र कोणत्याही खेळाडूच्या जवळ काम करायला जन्मभराची बंदी. शिवाय जो खेळाडू त्यांच्याकडून उपचार किंवा सल्ला घेईल, त्याचीही चौकशी होईल. हे वाक्य त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

"भाऊ, रामराम करायला बंदी नाही," मी समजावलं. "घरी आली तर चहा द्या."

"आन् कुणी फोटो काढला तर?"



तेव्हापासून कविता सुट्टीत तांड्यावर आली की सकाळी हायवेनं सराव करते आणि आमच्या घरांसमोर सायकल हळू करते. ती लांबून दिसली की लिंबाजीभाऊ ओट्यावरून उठतात, आत जातात आणि कडी लावतात. ती हाका मारते, "काका! ओ काका!" त्यांना ना बायको राहिली, ना मूलबाळ. त्यांच्या दारात मायेची अशी एवढी एकच हाक येते आणि तिला ते ओ देत नाहीत. ती गेली की बाहेर येऊन मला विचारतात, ती खाली वाकून चालवत होती का, दम लागला होता का, रंग कसा होता. फटीतून बघितलेलं त्यांना पुरत नाही.

परवा संध्याकाळी त्यांनी मला बजावलं. "गुडघा जप म्हणाव तिला, तकलीफ होऊन राहिली हाय त्याची. आन् मीठ-साखरेचं पाणी सोबत ठेव म्हणाव. माझं नाव घेऊ नका, तुमच्या मनानं सांगा. बराबर?"

सकाळी मी रस्त्यावर जाऊन तिला थांबवलं. म्हणालो, "पोरी, डावा गुडघा जप. मीठ-साखरेचं पाणी ठेवत जा."

ती माझ्याकडे बघून हसली. मग त्या बंद दाराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "सर, तुमाला सायकलीतलं लई समजून राहिलं की आता! असंच सांगत जा मला. मी ऐकीन."

आत काहीतरी भांडं पडलं. तिनं डोळ्यांवर चष्मा ओढला आणि ती निघाली.

कडी निघाली. लिंबाजीभाऊ दाराला लागूनच उभे होते. दोन्ही गाल ओले होते आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

"उजवा, गुरुजी," ते म्हणाले. "उजवा गुडघा हाय तिचा. पळा, सांगा तिला."