गाठ सोडलेला धनेश

एका जंगलात साळिंदरांचं एक घर होतं. घरधनी सोनबा, त्याची बायको येसू आणि त्यांची एकुलती एक लेक हौसा. सोनबा कंद उकरायचा, येसू ते निवडायची आणि हौसा दिवसभर आपले काटे विंचरत बसायची. लग्नाचं वय झालं होतं ना तिचं.

घर ओढ्याकाठी. बीळ तसं ऐसपैस, पण दर पावसाळ्यात पाणी आत यायचं. कंद वाहून जायचे आणि तिघंही खडकावर कुडकुडत बसायची. येसूच्या मनात एकच होतं. आपलं झालं ते झालं, पोरीला तरी कोरडं घर मिळू दे.

आणि तसं स्थळ चालून आलं होतं. खिंडीपल्याड उंच टेकडीवर कोंडाबाई साळिंदरीण राहायची. तिचा मुलगा नाथा. बीळ पक्क्या मुरमातलं. बाहेर कितीही धो धो पडो, आत थेंब नाही. पण कोंडाबाईनं सांगून ठेवलं होतं, पाऊस लागायच्या आत लग्नाचा दिवस ठरला पाहिजे. नाहीतर ती दुसरी मुलगी बघणार.

आता बाळांनो, दिवस ठरवायचा म्हणजे बोलणं आलं. टेकडी लांब. शिवाय त्या जंगलात रीत अशी, की लग्न ठरायच्या आधी मुलीच्या आईनं व्याह्यांच्या दारात पाय ठेवायचा नाही. म्हणून निरोप न्यायला धनेश ठेवायचे. धनेश पाहिलाय ना? तो मोठ्या चोचीचा पक्षी. ही जात भारी आज्ञाधारक. सांगितलं तेवढंच करणार. न सांगितलेलं मनातसुद्धा आणणार नाही.

बांबूची नळी घ्यायची, तिच्यात बोलायचं आणि झटकन झाकण लावायचं. बोलणं आत कोंडून राहतं. झाकणाला कडी आणि कडीत खाचा पाडलेला काटा. खाचा कशा पाडायच्या, ते दोन्ही घरं पहिल्या निरोपालाच ठरवून घेत. मग वाटेत कोणी नळी पळवली तरी उघडायची नाही. कानाशी धरली तर नुसती भुणभुण, आत भुंगा अडकल्यासारखी.

पण दारात उभा आहे तो खरा कोण, हे कसं कळायचं? त्यासाठी तळ्यातलं म्हातारं कासव होतं. ते पळसाच्या हिरव्या पानावर आपल्या पाठीचा ठसा उमटवायचं आणि ज्याच्या त्याच्या बिळाची माती त्यावर चोळून द्यायचं. हे झालं ओळखीचं पान. सगळ्या जंगलाचा कासवावर विश्वास. का म्हणाल, तर ते फसवून पळालं तरी संध्याकाळपर्यंत तिथेच सापडलं असतं.

धनेशाच्या पायात गवताची गाठ बांधली की तो कुठल्याही दारात आधी ते पान मागायचा. ठसा कासवाचाच आहे का? वास ह्याच घराचा आहे का? पान अजून हिरवं आहे का? सगळं जुळलं तर नळी द्यायची. एवढंसं जरी चुकलं तर नळी परत.

येसूच्या धनेशाचं नाव बाळकू. येसूनं त्याच्या पायात गाठ बांधली, नळी दिली आणि पाठवलं. बाळकू गेला तसाच परत आला. नळी चोचीतच.

"काय झालं रे?"

"ओळख पटली नाही. नळी परत."

"अरे, पण का?"

"ओळख पटली नाही. नळी परत."

"कोंडाबाई घरी नव्हत्या का?"

"होत्या ना मावशी. समोरच उभ्या होत्या. मला शिव्या घालत होत्या."

"मग ओळख कशी नाही पटली?"

"पान वाळलंय."

सोनबाचे काटे ताठ झाले. "अरे गाढवा, पान वाळलं, बाई तर वाळली नाही ना!"

"बाईचं मला काही सांगितलेलं नाही, काका."

"निदान पान बदला म्हणून तरी त्यांना सांगायचंस!"

"ते नळीत होतं," बाळकू शांतपणे म्हणाला. नव्हतं खरं तर. पण नळीत काय आहे ते त्याला थोडंच माहीत होतं!

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आभाळाच्या कडेला ढग दिसायला लागले. येसूचा जीव वरखाली व्हायला लागला.

तेव्हा फांदीवरून हुप्या वानर खाली उतरला. तो दूरच्या कुठल्याशा अरण्यात राहून आला होता, त्यामुळे जंगलात त्याला सगळ्यातलं कळतं असं मानायचे. तोही मानायचा.

"वहिनी, कशाला एवढा त्रास? गाठ सोडा."

"आणि मग?"

"मग तो काही विचारतच नाही. ह्याला सेटिंग म्हणतात."

"आणि भलत्यालाच नळी दिली तर?"

"इतक्या लांब तुमच्या नळीसाठी कोण बसलंय? आणि नळीला कडी आहे की. सगळं कसं बंदोबस्तात."

"पण चालतं का असं?"

"माझ्या झाडावर तर मस्त चालतंय!" वानर म्हणाला. "आणि कायमची कुठे सोडायचीय? तात्पुरती. दिवस ठरला की पुन्हा बांधा."

येसूनं आजूबाजूला पाहिलं. वडाखाली सोडलेल्या गाठींचा एवढा ढीग साचला होता, की एका बुलबुलानं त्याचं घरटं बांधून त्यात पिल्लं वाढवली होती. सगळ्या गाठी तात्पुरत्याच सोडलेल्या होत्या.

येसूनं गाठ सोडली.

बाळकू उडाला. खिंडीत रंगराव नावाचा एक कोल्हा राहायचा. हा बसल्या जागी पोट भरायची वाट बघणारा. बिनगाठीचा धनेश पाहून तो उठून बसला आणि हात जोडले.

"या या, बाळकूराव!"

"कोंडाबाईंचं घर हेच का?"

"हेच."

"तुम्हीच कोंडाबाई?"

"मीच."

"आवाज कोल्ह्यासारखा येतोय."

"घसा बसलाय हो."

"बरं," बाळकू म्हणाला. विचारायचं नाही असं सांगितल्यावर एवढं विचारलं हेच खूप झालं. मग त्यानं रीतीप्रमाणे काट्याच्या खाचा ठरवल्या. अगदी बारीक, नेमक्या, कुणाला म्हणून उघडता येणार नाहीत अशा. कडी पक्की बसली. फक्त ती कोल्ह्याबरोबर बसली.

येसूला उत्तर मिळालं, तेही तासाभरात! तिला वाटलं, केवढी ही सोय.

कोल्ह्याकडे एक टिटवी होती. तिला तो येसूचा निरोप म्हणून कोंडाबाईकडे धाडायचा. कोंडाबाई तर पहिल्यापासून कुणाचंच पान बघत नव्हती. तिला वाटायचं, चोरून ऐकायला आमच्या घरात आहे काय?

कोल्हा दोन्हीकडचं ऐकायचा आणि मध्ये थोडं आपलं घालायचा. येसूच्या घरी निरोप यायचा, "आम्हांला कंदांतले करांदे फार आवडतात हो." येसू करांद्यांची परडी बाळकूच्या पाठीवर बांधायची. कोंडाबाईकडे निरोप जायचा, "आमच्या हौसेला बोरं पाहिजेत." कोंडाबाई बोरं धाडायची. परड्या खिंडीपर्यंत यायच्या आणि तिथेच त्यांचा प्रवास संपायचा.

दिवस मात्र ठरत नव्हता. दिवस ठरला की परड्या बंद, हे कोल्ह्याला कळत होतं. बोलणं मोडलं तरी परड्या बंद, हेही कळत होतं. म्हणून तो कुणाचा वाकडा शब्द पलीकडे जाऊ द्यायचा नाही. येसू नळीत म्हणायची, "तुमच्या नाथाचे काटे विरळ आहेत म्हणे, तरी आम्ही चालवून घेतोय." पलीकडे पोचायचं, "तुमचा नाथा म्हणजे राजबिंडा." कोंडाबाई म्हणायची, "ओढ्याकाठच्या मुलींना दमट वास येतो, उन्हात वाळवून पाठवा." इकडे निघायचं, "तुमची हौसा म्हणजे मोगरा."

सोनबा खूष. "काय गोड माणसं! नशीब काढलं पोरीनं."

पाऊस डोंगरावर येऊन थांबला. एके सकाळी येसूनं नळी उघडली. आतून आवाज आला, "विहीणबाई, तुमच्या हातच्या करांद्यांना तोड नाही. असे करांदे आम्हांला सात जन्मात निवडता यायचे नाहीत."

सोनबा हसला. येसू हसली नाही. ती नळीकडे बघत राहिली.

"अहो," ती म्हणाली, "ही कोंडाबाई नव्हे."

"कशावरून?"

"मुलाची आई. स्वतःच्या तोंडानं म्हणतेय की मुलीच्या आईचा हात आपल्यापेक्षा चांगला. अहो, तुमच्या आईनं माझ्या हातच्या सुरणाला शेवटपर्यंत 'ठीक आहे' म्हटलं नाही. आणि ही बाई सात जन्म काढतेय!"

तिनं गवताची काडी उपटली आणि बाळकूच्या पायात करकचून गाठ बांधली.

खिंडीत बाळकूनं पान मागितलं. कोल्ह्यानं हसत हसत पान काढलं. हिरवंगार होतं. त्यावर कोल्ह्याचाच पंजा उमटवलेला.

"हा कासवाचा ठसा नाही."

"माझाच आहे. माझी ओळख कासव काय देणार? मला माझ्यापेक्षा जास्त कोण ओळखतं?"

बाळकूला ते पटलं. पण पटलं तर नळी द्यावी असं काही त्याला सांगितलेलं नव्हतं. तो पुढे टेकडीवर गेला. तिथलं पान वाळलेलंच. तो परत आला.

"ओळख पटली नाही. नळी परत. दोनदा."

"दोनदा?" येसू चमकली. "म्हणजे दारं दोन होती?"

"हो. खिंडीतलं आणि टेकडीवरलं."

आणि आतापर्यंत तू कुठल्या दारात जात होतास, हे येसूनं विचारलंच नाही. तिला पडवीतली परड्यांची रिकामी जागा दिसत होती.

"मी जाऊन येते," ती म्हणाली.

"अगं, रीत काय आहे? लोक म्हणतील, मुलीच्या आईला दम धरवला नाही. कोंडाबाईनं मोडलं तर?"

"गोड बोलून चाललंय ते काय जुळणं आहे?"

येसू आडवाटेनं चढली. दमून टेकडीवर पोचली. कोंडाबाई दारातच उभी होती.

"आलात का?" कोंडाबाई म्हणाली. "आमच्यात न बोलावता येत नाहीत."

येसूला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! ही खरी विहीण.

"आणि आमच्यात पाण्याला तरी विचारतात," येसू म्हणाली. "करांदे गिळताना मात्र रीत आठवली नाही ती?"

"कुठले करांदे? बोरं चापली ती तुम्ही! हौसा म्हणे बोरांवाचून सुकतेय!"

"कुठली बोरं?"

दोघींचे काटे हळूहळू ताठ झाले. पण एकमेकींकडे नव्हे. दोघींनी वळून खिंडीकडे पाहिलं.

कोल्हा तेव्हा बोरांच्या बियांवर आणि करांद्यांच्या सालींवर तंगड्या पसरून पडला होता. दोन विहिणी एकदम चालून येताना पाहिल्या आणि तो म्हणाला, "ओळख?"

ओळख त्याला मिळाली. पुढे बरेच दिवस तो बसू शकत नव्हता. मग उभ्याउभ्याच तो दुसऱ्या जंगलात गेला.

त्याच दिवशी कोंडाबाई कासवाकडे जाऊन नवं पान घेऊन आली, लग्नाचा दिवस ठरला, आणि हौसा पहिल्या सरीच्या आत कोरड्या घरात गेली. हुप्या वानर पंक्तीत सगळ्यांना सांगत होता, "मी तेव्हाच म्हटलं होतं, गाठ तात्पुरतीच सोडा." मग तो आपल्या झाडावर गेला. तिथला धनेश अजून बिनगाठीचाच होता.

लग्नानंतर मोठा पाऊस आला. ओढा फुगला. सोनबा आणि येसू खडकावर चढायच्या तयारीत होते, तेवढ्यात भिजलेला बाळकू आला. पायात गाठ, चोचीत नळी.

"ओळख पटली," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा.

येसूनं झाकण उघडलं. आतून कोंडाबाईचा आवाज निघाला, एक शब्द इकडचा तिकडे न झालेला.

"घरात पाणी शिरलं असेल. बीळ कुठे खणावं हे तुमच्या घरात कुणाला कळलंच नाही कधी. या दोघं वर. तुमच्यासाठी नव्हे, करांदे भिजतील म्हणून. आणि करांदे जरा बरे निवडून आणा."

येसूनं डोळे पुसले. "अहो, चला. त्याच आहेत."

त्या पावसाळ्यापासून साळिंदरांच्या त्या घरातलं कुणी भिजलं नाही. सगळी टेकडीवर राहिली, कोरडी, पोटभर जेवून, रोज भांडत.

तात्पर्य : ओळख पटल्याशिवाय विश्वास ठेवू नये, असं सगळेच सांगतात आणि लगेच गाठ सोडतात. तेव्हा बाळांनो, तेवढी दगदग होत नसेल, तर एवढं तरी लक्षात ठेवा. पलीकडून टोमणे जसेच्या तसे येत असतील, तर खुशाल झोपा, वाट सुरक्षित आहे. कौतुक यायला लागलं, की उठून गाठ तपासा.