विघटक विभागाच्या ताब्यातील एक वाळके पान

निसर्गात काहीही वाया जात नाही, हा शास्त्राचा नियम आहे. शास्त्राने तो केला तेव्हा त्याने गृहनिर्माण संस्थेची सर्वसाधारण सभा पाहिलेली नव्हती, हे लक्षात घेऊन त्याला माफ करावे.

धायरीच्या सुगरण हाईट्समध्ये मात्र हा नियम एकमताने मंजूर झाला. (सोसायटीला पक्ष्याचे नाव आहे. पूर्वी इथल्या विहिरीवरच्या बाभळीला सुगरणींची घरटी लोंबायची. विहीर बुजवली, बाभूळ तोडली आणि पक्ष्याला वाईट वाटू नये म्हणून नाव तेवढे ठेवले.) झाले होते असे की, 'पर्यावरणस्नेही सोसायटी' नावाची स्पर्धा जाहीर झाली होती आणि बक्षीस म्हणून गेटवर लावायला एक फलक मिळणार होता. सुगरण हाईट्सच्या गेटवर सतरा फलक आहेत. सोळांवर काय करू नये ते लिहिले आहे आणि सतराव्यावर, वरील सोळा फलक नीट वाचावेत, असे. एखादा फलक कौतुकाचाही असावा, ही सभासदांची फार दिवसांची इच्छा.

अट एकच होती. सोसायटीत चालू स्थितीतली परिसंस्था हवी. म्हणजे उत्पादक, भक्षक, विघटक, सगळे जागेवर हजर.

सेक्रेटरी श्रीधर देवस्थळी हे सज्जन गृहस्थ. चौतीस वर्षे एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत काढलेली, त्यामुळे कुठलीही अडचण दिसली की त्यांना आधी रिक्त पदे दिसत. त्यांनी दोन दिवस फिरून पाहणी केली आणि अहवाल वाचून दाखवला:

झाडे – एकेचाळीस (पैकी प्लास्टिकची एकोणतीस, तीच टवटवीत).

पक्षी – कबुतरे. तीन नोटिसा देऊनही जागा सोडत नसल्याने मोजणीत धरलेली नाहीत.

कीटक – शून्य. (टाळ्या.) दर महिन्याच्या फवारणीचे हे फळ.

गांडूळ – एक. नंतर दिसले नाही.

"थोडक्यात," देवस्थळी म्हणाले, "पदं मंजूर आहेत, पण उमेदवार नाहीत. बाहेरून जीव आणायचे तर त्यांची सवय नाही आपल्याला. माणसं मात्र आहेत. तेव्हा पदं अंतर्गत भरावीत."

परिसंस्था म्हणजे काय, हे इतक्या सोप्या भाषेत आजवर कोणी सांगितले नव्हते.

ऊन फक्त ए विंगला येते (बाकीच्या दोन्ही विंग तिच्याच सावलीत आहेत), म्हणून ए विंगला उत्पादक नेमले. त्यांनी रोज आठ ते साडेआठ बाल्कनीत उन्हात उभे राहायचे. बी विंगला प्राथमिक भक्षक. आठवड्यातून चार दिवस पालेभाजी सक्तीची. इकडचे तिकडे नेऊन पोचवण्याचा दांडगा अनुभव लक्षात घेऊन परागीभवन भिशी मंडळाकडे सोपवले. सर्वोच्च भक्षकाचे पद देवस्थळींनी नाइलाजाने स्वीकारले. विरोधात अर्ज आला नाही.

राहिले विघटक. मेलेले, कुजलेले, सांडलेले, उरलेले जे काही असेल ते निस्तरायचे काम. हे पद शास्त्रात अत्यंत महत्त्वाचे आहे, असे देवस्थळींनी तीनदा सांगितले. तीनदाही पार्किंगमध्ये भरलेली सभा आपापल्या चपलांकडे बघू लागली. मग कोणी काही न ठरवता, कोणी कोणाला खूण न करता, साठ-सत्तर माणसांच्या नजरा हळूहळू सी विंगच्या दोन खुर्च्यांवर येऊन थांबल्या. एका खुर्चीवर सोनाली ओव्हाळ होती, दुसरीवर रझिया शेख. दोघीही फ्लॅटच्या मालक, त्यामुळे भाडेकरू म्हणूनही कारण देता येईना. कारण कोणी दिलेही नाही. परिसंस्थेत प्रत्येकाची जागा आपोआप ठरते म्हणतात, ती अशी.

"कोणी मनाला लावून घेऊ नका हं," देवस्थळी म्हणाले.

"छे हो," रझिया आपा म्हणाल्या. "जगात हे एकच खातं कधी बंद पडलेलं नाही." आपा एका महाविद्यालयाच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत तीस वर्षे सहायक होत्या. सोसायटीत परिसंस्था हा शब्द ज्यांना आधीपासून माहीत होता, अशा त्या एकट्याच. म्हणून त्यांना काही विचारले गेले नाही. त्यांना विभागप्रमुख केले आणि सोनालीला कर्मचारी.

सोनालीने मान डोलावली. मांडीवर साडेचार वर्षांची पूर्वा झोपली होती, आणि झोपलेले मूल मांडीवर असताना माणूस बरेच काही मंजूर करून टाकतो. शिवाय तिचे लक्ष घरी होते. घरी बाल्कनीत लिंबाचे झाड होते आणि झाडावर लाडू होता.

झाड सासऱ्यांचे. सुखदेव ओव्हाळांनी ते रंगाच्या जुन्या बादलीत लावले होते. मार्चमध्ये ते गेले. जाण्याआधी बजावून गेले, की अस्थी खडकवासल्यात सोडू नका. ते पाणी अख्खं पुणं पितं, त्यांना माझी सवय नाही. म्हणून सोनालीच्या नवऱ्याने, अभयने, थोडी राख या बादलीत घातली आणि वर माती लोटली. पूर्वाला सांगितले, आजोबा झोपलेत. साडेचार वर्षांच्या मुलीला सांगायला त्या दिवशी दोघांकडे दुसरा शब्दच नव्हता. तेव्हापासून पूर्वा कोणालाच झोपू देत नसे. दुपारी सोनालीचा जरा डोळा लागला, की एक इवलेसे बोट येऊन तिची पापणी वर करून बघे.

लाडू म्हणजे अळी. आधी चिमणीने शिटल्यासारखी दिसायची, मग पोपटी झाली. पूर्वा शाळेतून आली की बादलीपुढे बसे आणि डब्यात काय होते इथपासून सगळे लाडूला सांगे. सोनाली ऑफिसची मीटिंग म्यूट करून ते ऐकत राही. तिकडे तिमाहीचे आकडे चाललेले असत, इकडे लाडू पान संपवत आणत असे. दोन्हींत लाडूची प्रगती जास्त दिसे.

भिशी मंडळाच्या परागीभवनामुळे ही बातमी ए विंगपर्यंत पोचायला एक तास पुरला. लगेच पत्र आले:

'आपल्या बाल्कनीत एक अळी एका उत्पादकास खात असल्याची तक्रार प्राप्त झाली आहे. सदर अळीची भक्षक पदावर नेमणूक झालेली नाही. तरी तिला तातडीने काढावे. परीक्षक येणार त्याआधीच्या शुक्रवारी सर्व बाल्कन्यांत फवारणी होईल, जेणेकरून त्यांना सोसायटीत एकही कीटक आढळू नये.'

(त्याच पत्राच्या पाठीमागे इतिवृत्त होते. विषय क्रमांक सहा: परीक्षणाच्या दिवसासाठी सहा फुलपाखरे भाड्याने आणणे. मंजूर.)

पत्र आले त्याच दिवशी लाडूने खाणे थांबवले. दुसऱ्या दिवशी तो एका काटकीला टेकला, दोऱ्याचा वेढा घेतला आणि बघता बघता तपकिरी, वाकडा, सुरकुतलेला होऊन बसला.

"आई, लाडू झोपला," पूर्वा म्हणाली. मग आवाज बारीक करून, "हा उठणार?"

सोनाली आपांकडे धावली. आपांनी येऊन चष्मा वर ढकलून पाहिले. "कोष केलाय. दहा-बारा दिवस. मधे विषारी वारा लागला नाही तर उठेल."

दिवस मोजले. बाराव्या दिवशी परीक्षणाचा रविवार येत होता आणि त्याच्या दोन दिवस आधी फवारणीचा शुक्रवार. सोनालीला फलक नको होता, पदही नको होते. तिला त्या एका प्रश्नाला 'हो' म्हणायचे होते आणि ते खरे व्हायला हवे होते. एवढ्या छोट्या कामासाठी किती कागद वाचावे लागतात, हे तिला त्या आठवड्यात कळले. पूर्वा शाळेत असताना, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे, तिने देवस्थळींनी काढलेले परिसंस्थेचे अठरा पानी परिपत्रक वाचून काढले. लिहिणाऱ्यासकट ते पूर्ण वाचणारी ती पहिलीच.

शुक्रवारी दाराशी पाठीवर पंप घेतलेला फवारणीवाला आणि त्याच्यामागे देवस्थळी.

"सोनालीताई, अळी कुठंय?"

"अळी नाहीये, काका."

देवस्थळी बाल्कनीत गेले, वाकले. "मग हे काय?"

"वाळकं पान."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. होते खरे तसेच.

"पान वाळलं म्हणजे मृत झालं," सोनाली म्हणाली. "मृत म्हणजे आमचा विभाग. तुमच्या परिपत्रकाचं कलम चार बघा. विघटकांच्या ताब्यातल्या मालाला हात लावायचा, तर विभागप्रमुखांची लेखी परवानगी हवी."

"घ्या की मग. आपा!"

समोरचे दार उघडेच होते. आतून आवाज आला, "मी रजेवर आहे."

"कधीपर्यंत?"

"रविवारपर्यंत. सोमवारी हजर."

देवस्थळींच्या चेहऱ्यावर एक जुना, ओळखीचा आदर पसरला. चौतीस वर्षांत त्यांनी शास्त्राला दाद दिली नव्हती, नागरिकांना तर नाहीच. पण माणूस रजेवर आहे म्हटल्यावर त्यांचे हात आपोआप जोडले जात. "मग इलाज नाही," ते म्हणाले आणि फवारणीवाल्याला घेऊन खाली उतरले. जाताना नोंद करून गेले: 'सी-२०४, वाळके पान एक, विघटक विभागाच्या ताब्यात.' शिक्का मारला. शिक्का ते खिशात ठेवत.

सोनाली हसत मागे वळली, तर पूर्वा पडद्याला धरून उभी.

"तू म्हणालीस तो मेला."

"अगं नाही, बाळा. ते फक्त कागदावर."

पूर्वाने विचार केला. "आजोबा पण फक्त कागदावर?"

परिपत्रकात याचे कलम नव्हते. सोनाली खाली बसली, तिला जवळ ओढले आणि मार्चपासून अडलेले वाक्य तिने एकदाचे सांगून टाकले. आजोबा झोपले नव्हते. आजोबा गेले. ते उठणार नाहीत. त्यांची राख या बादलीत आहे, मातीत मिसळली. मातीतलं झाड पितं, झाडाची पानं होतात, पानं लाडूनं खाल्ली.

पूर्वा बराच वेळ रडली. मग नाक पुसून म्हणाली, "म्हणून तो माझं ऐकायचा." आणि मार्चनंतर पहिल्यांदा दुपारची झोपली.

रविवारी दोन परीक्षक आले. ए विंग हिरव्या कुर्त्यांत उन्हात उभी होती. एका उत्पादकाला चक्कर आली, त्याला सावलीत नेले आणि त्याचे उत्पादन थांबल्याची नोंद घेतली. बी विंगने सर्वांसमोर मेथी खाल्ली. सर्वोच्च भक्षक गेटवर हार घेऊन उभे. मग खोका उघडून भाड्याची सहा फुलपाखरे सोडण्यात आली. शुक्रवारची फवारणी उत्तम दर्जाची होती. सहाही अकरा मिनिटांत विघटक विभागाकडे वर्ग झाली.

"आपोआप आलेलं असं काही आहे का इथे?" परीक्षकबाईंनी विचारले.

देवस्थळी कबुतरांकडे बघायचे टाळत होते. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरून पूर्वा ओरडली, "आई! वाळकं पान उठलं!"

सगळे जिना चढून आले. बादलीतल्या काटकीवर एक काळे-पिवळे फुलपाखरू चुरगळलेले पंख वाळवत बसले होते. बी विंगचे तोंड मेथीसकट उघडे राहिले. परीक्षकबाई वहीत लिहायच्या थांबल्या. पूर्वाने जवळ जाऊन त्याला हळूच काहीतरी सांगितले (काय, ते तिने अजून कोणाला सांगितलेले नाही). मग ते उडाले, पार्किंगवरून, सतरा फलकांवरून, बाहेर.

फलक मिळाला. दुसऱ्या दिवशी पत्रही आले. सोसायटीच्या यशास कारण झालेले फुलपाखरू विघटक विभागाच्या नावावर राहणे शोभत नसल्याने ते ए विंगकडे वर्ग करावे. तसेच अशी फुलपाखरे पुढेही मिळावीत म्हणून लिंबाच्या झाडांवर अळीनाशक मारावे.

सोनालीने उत्तर पूर्वाला मांडीवर घेऊन टाइप केले. रजेवरून परतलेल्या विभागप्रमुखांनी खाली सही केली. ते नोटीस बोर्डावर अजून आहे:

'सदर वस्तूची आपल्या शिक्क्यानिशी नोंद वाळके पान अशी असल्याने ती वर्ग करता येत नाही. आपण कळवलेल्या सर्व नेमणुका मात्र तात्पुरत्या स्वरूपाच्या आहेत, याकडे लक्ष वेधत आहोत. मुदत संपताच ए विंग, बी विंग, भिशी मंडळ व सर्वोच्च भक्षक या सर्वांनी आमच्या विभागात रुजू व्हायचे आहे. अर्ज, ओळख, ना हरकत प्रमाणपत्र यांची गरज नाही. आजवर आम्ही कोणालाही परत पाठवलेले नाही. बादली तयार आहे.'

बोर्डापुढे थांबून बरेच जण हे वाचतात आणि हसतात, की बरी जिरवली देवस्थळींची. रझिया आपा खिडकीत बसून त्यांची नावे लिहून घेतात. इथवर वाचून जे हसले, त्यांची नावेही त्यांना कळवलेली आहेत. घाई काही नाही. आपा आता रजा घेणार नाहीत.