विलासचं एकदा ठरू दे

माझा धाकटा भाऊ विलास कुणाच्याही घरी गेला की आधी समोरच्याची जीभ बघायचा आणि मग जेवायला काय आहे ते विचारायचा. लोक "या, बसा" म्हणतात, हा "आ करा" म्हणायचा. लिंबायतच्या आमच्या गल्लीतला तो पहिलाच मेडिकलचा विद्यार्थी. सुरुवातीला सगळ्या गल्लीने कौतुकाने जिभा काढल्या. पुढे पुढे लोक त्याला लांबून येताना बघून दार लोटून घ्यायला लागले.

खरा छळ सुरू झाला तो पोस्टिंगांपासून. कॉलेजातून पोरांना आळीपाळीने एकेका विभागात पाठवायचे. बाकीची पोरं जायची आणि परत यायची. आमचा विलास मात्र ज्या विभागात जाईल त्याचाच होऊन यायचा. दारातूनच ओरडायचा, "माय, माझं ठरलं!"

त्वचेच्या विभागात होता तेव्हा तो उधन्याला माझ्याकडे आला. आमचे हे पांडेसऱ्याला डाइंगमध्ये, कापड रंगवायच्या कामाला. विलासने त्यांचे दोन्ही हात उजेडात धरले आणि आनंदाने थरथरायलाच लागला. "दाजी, हा निळा डाग कोपरापर्यंत कधी चढला?"

"दुपारी," हे म्हणाले. "आज निळ्याची पाळी होती."

सर्जरीत गेला तेव्हा घरातल्या सगळ्या उशांना टाके पडले. फाटक्या उशा संपल्यावर त्याने चांगल्या फाडल्या. छातीच्या विभागात असताना त्याला बघायला नंदुरबारहून पाहुणे आले, तर मुलीच्या बापाची नखं उलटीपालटी करून विचारतो, "काका, जिना चढताना दम लागतो का? विडी किती वर्षं ओढताय?" काकांनी चहा बशीत तसाच ठेवला. ते स्थळ पुन्हा आमच्या गल्लीकडे फिरकलं नाही.

मानसोपचाराच्या दिवसांत त्याचा आवाज एकदम मऊ झाला. भाकरी करपली म्हणून माय चिडली, की हा मान तिरकी करून विचारणार, "तुला असं केव्हापासून वाटतं?"

माय अहिराणीत कडाडली, "तू जल्मना तवयपाईन!"

शेजारच्या शांताबेन तर रोज ओट्यावरून गुजरातीत हाक मारायच्या, "केम विलासभाई, आजे शेना डॉक्टर?" आणि आज आपण कशाचे डॉक्टर ते तो गंभीरपणे सांगायचा, हे विशेष.

आमचे आप्पा लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, मास्टर. त्यांनी सगळ्या कारागिरांना परस्पर सांगून टाकलं होतं, की पोरगा हार्टचा डॉक्टर होणार. इंटर्नशिप संपत आली, मार्कही चांगले होते, आता खरंच एक विषय निवडायचा होता. आणि ऐन वेळी विलास घरी येऊन म्हणाला, "आप्पा, मी अ‍ॅनेस्थेशिया घेतो."

"ते काय असतं?"

"ऑपरेशनच्या आधी भूल देतात ना, ते."

आप्पा म्हणाले, "झोपवायला डॉक्टर लागतो? आमच्या खात्यात रातपाळीचे कारागीर बिनडॉक्टरचे झोपतात." मग आवाज चढवून म्हणाले, "पेशंट वाचला तर लोक सर्जनच्या पाया पडतील. तुझं नावसुद्धा कुणी विचारणार नाही."

"नाही विचारणार," विलास म्हणाला. आप्पांनी त्याच्याशी बोलणं टाकलं.

मला तेव्हा नववा महिना लागला होता, आणि आप्पांपेक्षा माझा वैताग मोठा होता. बाळंतपणाच्या विभागात असताना या माणसाने रोज उधन्याला येऊन "ताई, आज हाललं का?" विचारत माझा जीव खाल्ला होता. मीही त्याला ऐकवलं, "दर महिन्याला नवीन खूळ! हेही पंधरा दिवसांत उतरेल."

त्याच आठवड्यात माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. विलासच्याच कॉलेजच्या हॉस्पिटलात दिवसभर सोसल्या, तरी सुटका होईना. बाळाचे ठोके मंदावताहेत म्हणून डॉक्टरांनी सिझर ठरवलं. थिएटरात नेलं तर विलास तिथे उभा. भूल देणाऱ्या मॅडमच्या हाताखाली त्याची ड्यूटी होती. माझ्या मनात आलं, झालं, आता हा इथेही व्याख्यान देणार.

त्याने मला कुशीवर वळवून घट्ट धरलं. "मांजरीसारखी पाठ गोल कर, ताई." मॅडमनी कण्यात सुई दिली. थोड्याच वेळात माझे पाय माझे राहिले नाहीत. छातीवर हिरवा पडदा आला आणि पलीकडे सगळे कामाला लागले. मी टक्क जागी. विलास स्टूल ओढून माझ्या डोक्याशी बसला.

"आता कुणीतरी ओढतंय असं वाटेल. दुखणार नाही. ओढणं वेगळं, दुखणं वेगळं."

मी रडत होते. उताणं झोपलं की डोळ्यांतलं पाणी कानात जातं, हे मला तिथे कळलं. त्याने कापसाने आधी एक कान पुसला, मग दुसरा. पलीकडे बाळ रडलं, सगळ्यांचे डोळे तिकडे वळले. विलासचे माझ्यावरच होते. "मुलगी आहे. छान रडतेय. तू हळूहळू श्वास घे."

दुसऱ्या दिवशी तो वॉर्डात आला तेव्हा मी विचारलं, "हेच का रे निवडलंस?"

तो पाळण्यात बघत म्हणाला, "सर्जरीत होतो तेव्हाची गोष्ट. डाइंगमधला एक कामगार टेबलावर होता, तुझ्यासारखाच जागा. मॅडम एकट्या, शेजारच्या टेबलावरच्या पेशंटला सांभाळत होत्या. हा पडद्यामागून सारखं विचारत होता, 'कोई है क्या?' आम्ही इतके जण होतो, ताई. सगळे पोटात बघत होतो. मीपण जखम ताणून धरून उभा होतो. कुणी 'हां' म्हटलं नाही. मग त्याने विचारणंच सोडलं."

तेवढ्यात दारातून वॉर्डबॉयने त्याला हाक मारली. विलास उठला.

"पुढची बाई आत घेतलीय. ओडिशाची आहे. नवरा कामावर, सोबत कुणी नाही. तिला ना हिंदी येते ना गुजराती."

"मग तू तिच्याशी बोलणार काय?"

"काहीही बोलेन," तो म्हणाला. "आवाज तर कळतो ना."

आणि घाईघाईने गेला.