तायडे सरांचा समुद्र

आमच्या जठारपेठेत समुद्राला भरती आली की तायडे सर चहा ठेवतात. ओहोटी लागली की फिरायला निघतात. अकोल्यापासून समुद्र किती लांब आहे ते तुम्हाला नकाशात पाहता येईल; सरांना तो नकाशा मान्य नाही. गुहागरच्या अलीकडच्या एका गावाचं भरतीचं वेळापत्रक त्यांच्या मोबाईलमध्ये आहे. ती भरती रोज थोडी पुढे सरकते, म्हणून सरांचा चहाही सरकतो. कधी पहाटे, कधी ऐन जेवणाच्या वेळी. वैशाखातल्या भर दुपारी, कुत्रीसुद्धा नालीच्या ओलीत पोट टेकून पडलेली असताना, डोक्याला ओला दुपट्टा बांधून सर रस्त्यावर दिसले तर समजावं, तिकडे कोकणात पाणी उतरायला लागलं आहे.

"सर, ऊन पाहा ना बाप्पा!" मी खिडकीतून ओरडतो.

"ऊन काय पाहू? पाणी पाह्य किती मांगं गेलं!" सर रस्त्याच्या टोकाकडे हात करतात. आणि खरं सांगतो, तिथं तापलेल्या डांबरावर काहीतरी चमकत, हलत असतं. क्षणभर मलाही वाटतं, आत्ता इथं लाट होती.

सर दर्यापूरच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. मी त्यांचा विद्यार्थी. निवृत्त झाल्यावर त्यांनी अकोल्यात आमच्या शेजारी घर घेतलं. पत्नी वारल्यापासून एकटेच असतात. "शास्त्रीयदृष्ट्या पायलं तं" अशी त्यांच्या बोलण्याची सुरुवात आणि "लिहून घे!" हा शेवट. शाळा सुटली तरी हे सुटलं नाही. भाजीवालीलाही म्हणतात, "वांगं जून आहे माय, लिहून घे!" ती बिचारी मान डोलावते आणि तीच जून वांगी तोलते.

हे समुद्राचं वेड त्यांना होळीच्या सुमाराला लागलं. त्यांचा मुलगा संघपाल पुण्यात कॉम्प्युटरवाला. सून प्रज्ञाही तेच काम करते. नात सांची, पहिली-दुसरीतली. संघपाल होळीला आला आणि बातमी फुटली, की हे तिघं पुणं सोडून कोकणात, समुद्राकाठच्या खेड्यात राहायला चालले.

आता तुम्हीच सांगा, जठारपेठेत अशी बातमी पचेल का? इथून पोरं पुण्याला जातात. पुण्याहून पुढे गेलीच तर विमानानं जातात. पुण्याहून खेड्यात कोण जातं? सलीमभाईंच्या कूलरच्या दुकानासमोर आमचा ओटा आहे. संध्याकाळी तिथं सगळ्या जगाचे निकाल लागतात. बँकेतून निवृत्त झालेले ढोकणे काका तिथले मुख्य न्यायाधीश. ते म्हणाले, "नोकरी गेली असन. नाही तं असं कोणी करते काय? पुण्यात नाही निभावलं पोट्ट्यानं."

"अजी, पुण्याचं भाडं पायता काय तुमी?" कोणीतरी म्हणालं.

"भाडं काय आज वाढलं? काहीतरी झालं आहे. इचारा मास्तरले."

खरं तर मलाही विचारायचं होतं. संघपाल आठवडाभर होता, पण मागच्या खोलीतून बाहेर म्हणून आला नाही. एकदा गच्चीवर दिसला. वाळलेला, दाढी वाढलेली. मी हात केला. त्यानंही केला, पण उशिरा. जणू हात कुठून तरी लांबून आणावा लागला.

आम्ही प्रश्न तयार करून ओट्यावर बसलो होतो. सर आले. आणि आमच्यापैकी कोणी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "राजेहो, मले वाळूवर चालाची प्रॅक्टिस कराची आहे. अठी वाळू कोणाकडे आहे?"

संपलं. संघपाल राहिला बाजूला.

गल्लीच्या कोपऱ्यावर एका घराचं बांधकाम चाललं होतं. दुसऱ्या दिवसापासून सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्या वाळूच्या ढिगावर चढू-उतरू लागले. "शास्त्रीयदृष्ट्या पायलं तं वाळूत टाच आधी टेकवाची नसते. लिहून घे!" मिस्त्री काम सोडून पाहत उभे. मग सरांनी संध्याकाळी मिठाच्या पाण्यात पाय बुडवून बसायला सुरुवात केली, कातडीला सवय म्हणून. मग सुके बोंबील आणले आणि अंगणात भाजले. त्या वासानं अर्ध्या गल्लीनं खिडक्या लावून घेतल्या आणि उरलेली अर्धी बशी घेऊन आली.

रोज नवीन काहीतरी. ओटा गच्च भरू लागला. ढोकणे काका पोट धरून हसायचे.

एका दुपारी मात्र सरांनी मला घरात बोलावलं. खिडक्यांना वाळ्याचे पडदे, आत हिरवट काळोख. गल्लीतले सगळे कूलर एका वेळी चालू होते.

"डोळे मीट," सर म्हणाले.

मिटले.

"आता आयक. इतक्या घरचे पंखे अन् त्याच्यामांगं पाणी ठिबकते. आयकू आलं?"

सुरुवातीला नुसती घरघर होती. मग ती घरं सोडून वर उठली. लांबून येऊ लागली, फुगली, ओसरली, पुन्हा आली. वाळ्याचा ओला गार वास होता. मी कुठे बसलो आहे तेच विसरलो. किती वेळ गेला कोण जाणे. वीज गेली आणि सगळा समुद्र एका दमात थांबला. डोळे उघडले तर सर भिंतीकडे पाहत होते. चेहऱ्यावर मिस्कीलपणाचा मागमूस नव्हता.

"चांगलं वाटते ना रे? नीज येते ना माणसाले अशा आवाजानं?" त्यांनी विचारलं, फार गंभीरपणे, जणू माझ्या उत्तरावर काही अवलंबून होतं.

"हाव सर," मी म्हणालो.

"येते," ते स्वतःशीच म्हणाले.

शाळांना सुट्ट्या लागल्या आणि सर निघाले. पुण्याहून सामानाचा टेम्पो सुटणार होता, त्याच्यासोबत ते कोकणात जाऊन घर लावून देणार होते. निघायच्या आदल्या दिवशी ते सलीमभाईंच्या दुकानात आले, म्हणाले, "माह्या कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलून द्या. मोटर पाहून घ्या. सोबत नेतो."

सलीमभाईंच्या हातातला पाना तसाच राहिला. "मास्टरसाब, समुंदर पे कूलर? वहाँ तो हवा ही गीली रहती."

"तुमी ताट्या बदला."

"अजी सायन्सचे मास्तर ना तुमी?" ढोकणे काका आनंदानं किंचाळले.

"शास्त्रीयदृष्ट्या पायलं तं," सर शांतपणे म्हणाले, "माणूस जाईन तठी त्याचा कूलर जाते. लिहून घ्या!"

पत्र्याचा तो कपाटाएवढा कूलर आम्ही चौघांनी उचलून पुण्याच्या ट्रॅव्हल्सच्या टपावर चढवला. क्लीनरनं विचारलं, "कुठं चालला?" सर म्हणाले, "समुद्रावर." क्लीनरनं सरांकडे पाहिलं, कूलरकडे पाहिलं आणि दोरीला आणखी एक गाठ मारली.

सर परत आले तेव्हा उन्हाळा सरला नव्हता. त्या संध्याकाळी ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. सर उभे राहिले, घसा खाकरला आणि त्यांनी कूलरची कहाणी सांगितली. काय सांगितली! कूलर सुरू केला आणि पहिल्या दिवशी आगकाडी पेटेना. दुसऱ्या दिवशी पापड रुमालासारखे घडी घालण्याजोगे झाले. भिंतींना घाम फुटला. गादी पिळली तर पाणी निघालं. घरमालकीण, पिकल्या केसांची कोकणी बाई, दारात येऊन म्हणाली, "अहो तायडे, आमच्याकडे पाऊस घराबाहेर पडतो हो. तुम्ही आत पाडताय!" शेवटी कूलर मागच्या पडवीत ठेवला, तर त्यात मांजर व्यायली.

सलीमभाई डोळे पुसत होते. "बोला था मैंने! बोला था!" ढोकणे काकांना ठसका लागला, त्यांना पाणी द्यावं लागलं. सगळी गल्ली हसून हसून दमली आणि जेवायला घरोघर गेली.

मीही गेलो. पण जेवताना दर्यापूरचा वर्ग आठवत होता. ओला रुमाल आमच्या हातावर ठेवून, फुंकर मारून सरांनी बाष्पीभवन शिकवलं होतं. हवेत आधीच ओल असेल तर पाणी उडत नाही, गारवा येत नाही, हे मला आजही झोपेत विचारा. आणि ज्यांनी शिकवलं ते विसरले?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सरांच्या गच्चीवर गेलो. कूलर कोकणात राहिल्यामुळे ते आता गच्चीवरच झोपत, आणि झोपायच्या आधी स्लॅबवर पाणी मारत. तापलेल्या सिमेंटवरून वाफ निघत होती आणि त्या वाफेत सर बादली घेऊन उभे होते.

"सर, कूलर तठी चालणार नाही, हे तुमाले मालूम नव्हतं?"

त्यांनी बादली खाली ठेवली. "मालूम होतं लेका."

"मंग?"

ते मग कठड्याला टेकले. त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता.

"संघपाल सकाळी तयार होये, गाडीत जाऊन बसे, अन् गाडी काही पार्किंगमधून काढेच ना. घंटा-घंटा तसाच बसून राहे. सुनेनं वरून पायलं तं स्टेअरिंगवर डोकं. रात्री झोप नाही, दिवसा बोलणं नाही. डॉक्टर म्हणे, मनाचं दुखणं आहे, औषध घ्या, अन् ही धावपळ सोडा. पुण्यात एकाच्या पगारावर कसं भागन? प्रज्ञा घरून काम करते. तिनंच हे गाव शोधलं. मोठ्या हिमतीची पोट्टी आहे."

मी त्यांच्या शेजारी कठड्याला टेकलो.

"अन् तुमी लोकं ओट्यावर बसून राह्यले, प्रश्न घेऊन. म्हणलं, पोट्ट्याचा तमाशा होऊ द्याचा, त्याच्यापेक्षा माहा होऊ द्या. मले सवय आहे. जिंदगीभर वर्गातले पोट्टे हासत होते माह्यावर." ते किंचित हसले. "सांग बरं, या तीन महिन्यांत कोणी इचारलं काय संघपालचं?"

कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

"अन् कूलर?"

"कूलर त्याच्यासाठी नेला. तठी सारं चांगलं आहे रे. अंगण आहे, नारळ आहेत, ओट्यावरून पाणी दिसते. अन् हा एका खुर्चीवर बसून राहे, भिंतीकडे तोंड करून. मी कूलर लावाले घेतला तं म्हणे, बाबा, नोका लावू, चालणार नाही. पाह्य, कितीक महिन्यानं त्यानं कायले तरी नाही म्हणलं. मी लावलाच. रोज भांडलो त्याच्याशी. मी म्हणो चालते, तो म्हणे नाही चालत. मलेच बाष्पीभवन शिकवाले लागला. एक दिवस रागानं उठला वायर काढाले, अन् भिजल्या फरशीवर पाय घसरला त्याचा. माह्या अंगावर आला. दोघंही पाण्यात. सांची दारात उभी, टाळ्या वाजवून राह्यली. अन् तो हासाले लागला. पडल्या पडल्या. लहानपणी हासे तसा."

"मंग?"

"मंग काय? मी भायेर जाऊन चष्मा पुसला. हवेत ओल लय असते तठी. लिहून घे."

खाली रस्त्यावर कोणाची तरी स्कूटर गेली. मी विचारलं, "मंग तुमी राह्यले काहून नाही? ते तं बोलावत होते."

"मी असलो का त्याले बरं असल्याचं सोंग करावं लागते, बापासाठी. थकते पोट्टा त्याच्यानं. त्याले हळूहळू बरं होऊ दे. मी अठीच ठीक आहो." आणि त्यांनी उरलेलं पाणी स्लॅबवर ओतलं.

संघपाल आता सावरतो आहे. हे लिहू का, असं मी त्यालाच फोनवर विचारलं. तो म्हणाला, लिहा, माझ्यावर हसू आलं तरी चालेल. पण गच्चीवरच्या त्या संध्याकाळी तो सावरेल की नाही ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर चार डोकी होती. ढोकणे काकांनी चहाचा घोट घेतला आणि भुवया जवळ आणून म्हणाले, "हासणं झालं. पण काहो, ते मास्तरचं पोट्टं खरंच बरं आहे ना? नोकरीचं काय झालं होतं नेमकं?"

"ते सोडा काका," मी म्हणालो. "सरांचं नवीन आयकलं काय?"

"काय?"

मला पुढे काय सांगायचं ते ठाऊक नव्हतं. तोंड उघडलं आणि शब्द आपोआप आले. "होडी आणून राह्यले. आपल्या मोर्णा नदीत चालवणार म्हणतात."

"मोर्णेत? जलपर्णीत?" सलीमभाई शटर अर्धं वर करून थांबले.

"अजी, वल्ही नाही मारणार. पुढं विळा घेऊन बसणार, कापत कापत जाणार. मांगं सीट फक्त एक आहे, अन् ती म्हणे ढोकणे काकांसाठी राखून ठेवली आहे."

ओटा फुटला. काकांच्या नाकातून चहा आला. नेमके तेव्हाच सर रस्त्यापलीकडून भाजी घेऊन चालले होते. हशा ऐकून थबकले. सलीमभाईंनी हाक मारली, "मास्टरसाब, बोट में हमको भी लेना!" सरांना काहीच कळलं नाही. त्यांनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच मान डोलावली. भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली, आणि आमचं मनासारखं हसून होईपर्यंत ते तिथंच, उन्हात उभे राहिले.