दुखण्यापुढचे चार चौकोन

गेल्या डिसेंबरमध्ये दौलत गायकवाड यांनी एका इंग्रजी फॉर्मवरच्या चार चौकोनांपैकी एकात खूण करायला सहा दिवस लावले. फॉर्म मुंबईच्या एका हाडांच्या डॉक्टरांचा होता. प्रश्न होता, दुखणं कसं आहे. चौकोनांपुढे डल, एकिंग, सोअर आणि थ्रॉबिंग असे शब्द छापले होते. खूण एकाच चौकोनात करायची होती. दुखणारी कंबर त्यांच्या पत्नीची, सुनंदावहिनींची होती.

डॉक्टरांच्या मदतनीस मुलीने फोनवर सांगितलं होतं, "काका, फॉर्म शनिवारपर्यंत पाठवा. सर तो बघून ठरवतील, येत्या सोमवारी बोलवायचं की पुढच्या महिन्यात." वहिनींना त्या दिवसांत दारापासून विहिरीपर्यंत जाताना दोनदा थांबावं लागत होतं.

गायकवाड रेवदंड्यात माझ्या शेजारच्या घरात राहतात. न्हावा शेव्याला त्यांनी तीस वर्षं सर्व्हेयर म्हणून कंटेनर तपासले. बंदरात आलेल्या प्रत्येक कंटेनरभोवती फिरायचं आणि त्याला काय झालंय ते इंग्रजीत एका शब्दात लिहायचं, हे काम. पत्रा आत गेला असेल तर डेंटेड, दांडी वळली असेल तर बेंट, भिंत बाहेर फुगली असेल तर बल्ज्ड. "रस्टेड म्हणजे गंज वर आहे. करोडेड म्हणजे गंजाने लोखंड खाल्लंय," ते मला पहिल्याच भेटीत म्हणाले. "या दोन शब्दांच्या मधे तळातून आत जाणारा हमालाचा पाय असतो. बघितल्याशिवाय शब्द नाही."

हे शेवटचं वाक्य ते दिवसातून चार-पाच वेळा म्हणतात. निवृत्त झाल्यावर गावातलं सगळं इंग्रजी त्यांच्याकडे आलं आणि गावाचं सगळं उशिरा होऊ लागलं. पुतण्याच्या लग्नाचं माहितीपत्रक लिहिताना त्यांनी त्याला समोर उभं केलं, टेपने मोजलं आणि उंचीपुढे 'अ‍ॅडिक्वेट' असं लिहिलं. मुलीकडच्यांनी खुलासा मागवला. लग्न झालं, पण त्या पुतण्याने काकांना घरभरणीचं बोलावणं दिलं नाही.

हेमाताई नाखवा यांनी घरामागची खोली पर्यटकांना द्यायचं ठरवलं तेव्हा पाटीसाठी त्या गायकवाडांकडे आल्या. क्वाएट लिहायचं की पीसफुल, एवढंच विचारायचं होतं. गायकवाड खोली बघायला गेले.

"क्वाएट लिहिता येणार नाही," त्यांनी खाटेवर बसून सांगितलं. "मागे मासळी सुकतेय. कावळे आहेत."

"मंग पीसफुल लिवा."

"ते कावळे असूनही झोप लागली तर."

"अवो सर्व्हेयर, पावणं येऊन परत जातील, तुमचा बोर्ड काय व्हयाचा न्हाय."

गायकवाड आडवे झाले. सुरूच्या झाडांतून वारा येत होता, दुपार होती. पावणेदोन तासांनी ते उठले आणि पीसफुल असं लिहून दिलं. ती पाटी अजून आहे.

सकाळी ते खाडीवर असतात. भरती संपून ओहोटी लागायच्या आधी पाणी थोडा वेळ कुठेच जात नाही. हिवाळ्यात त्या वेळी होड्या पाण्यावर आहेत की धुक्यात, हे काठावरून सांगता येत नाही. गायकवाड हात मागे बांधून उभे राहतात. "स्मूद झालीय," ते हळू म्हणतात. "स्टिल व्हायचीय." मी काही दिवस त्यांच्याबरोबर गेलो आहे. स्टिल कधी झाली ते मला एकदाही कळलं नाही. त्यांना कळतं, कारण ते तेव्हा घरी जायला वळतात.

फॉर्म सोमवारी आला. त्या दुपारी कुंपणापलीकडून मला ऐकू आलेलं संभाषण असं होतं.

"आतून आहे की बाहेरून?"

"मी काय कंटेनर हाय का?"

"सुनंदा, नीट सांग. दाबल्यावर जास्त होतं की न दाबता?"

"तुम्ही इचारलंत की जास्त होतं."

मंगळवारी त्यांनी तपासणीची जुनी वही काढली. पहाटे पाच, कूस बदलताना, रग. सात, चुलीपुढून उठताना, कळ. दहा, बसून, ठसठस. दुपारी चार, 'काय न्हाय' म्हणाली, चेहरा तसा नव्हता. मराठी शब्द नऊ झाले. इंग्रजी चौकोन चारच होते. बुधवारी वहिनी ठसठस म्हणाल्या ते गुरुवारी म्हणेनात. थ्रॉबिंग खोडलं गेलं. शुक्रवारी सोअर खोडलं आणि तासाभराने परत घेतलं.

त्या दिवशी ते कुंपणाशी येऊन उभे राहिले. त्यांनी दाढी केलेली नव्हती.

"कंटेनरला बारीक भोक असेल तर बाहेरून दिसत नाही," ते म्हणाले. "आम्ही आत शिरायचो. दारं बाहेरून लावून घ्यायची. काळोखात उभं राहायचं. थोड्या वेळाने कुठेतरी ठिपक्याएवढा उजेड दिसतो. मी बाकीचं सगळं विसरायचो, इतकं छान असायचं ते. पण हिच्या दुखण्यात कुठून शिरायचं? चुकीचा शब्द गेला तर डॉक्टर म्हणणार, थांबू शकते. आणि ती थांबेल. तिने आजवर तेच केलंय."

शनिवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. फॉर्मचा फोटो माझ्या फोनवरून पाठवायचा होता. वहिनी ओट्यावर उशीला टेकून अर्धवट झोपेत होत्या. गायकवाड शेजारी पाटावर बसून एकेक शब्द म्हणत होते. डल. एकिंग. सोअर. प्रत्येक शब्दानंतर थांबत होते. वहिनी डोळे मिटून ऐकत होत्या. अंगणातलं ऊन ओट्याच्या पायरीपर्यंत आलं होतं.

"परत म्हणा," त्या म्हणाल्या.

गायकवाडांनी परत म्हटलं.

"भावजी," वहिनी मला म्हणाल्या, डोळे न उघडता, "ह्यांना काय सांगू नका. मला बुधवारीच कळलं हुतं कोन्ता ते."

गायकवाडांनी चष्मा काढला. "मग सांगितलं का नाहीस?"

"तीस वर्सं तुम्ही बंदरावर. पहाटं जायचं, रातच्याला यायचं. माझं काय दुखतंय, कोन इचारनार? आता सहा दिस सारखं इचारताय. सांगून टाकलं असतं तर तुम्ही खाडीवर गेला असता."

हेमाताईंच्या मागच्या अंगणातले कावळे ऐकू येत होते. गायकवाडांनी वही मिटली, पाट ओट्याजवळ ओढला आणि म्हणाले, "बरं. कोणता?"

"मधला. ज्याच्यात तुम्ही 'ए' लांब म्हणता."

एकिंग या चौकोनात चार वाजून दहा मिनिटांनी खूण झाली. त्याखाली इतर माहितीसाठी एक रेघ होती. तिथे गायकवाडांनी इंग्रजीत लिहिलं: रुग्ण त्रास कमी करून सांगते. फॉर्म साडेचारच्या आत गेला. संध्याकाळी फोन आला, सोमवारी या.

सोमवारी सकाळी दोघं रिक्षाने मांडव्याला गेले आणि तिथून बोटीने मुंबईला. पुढचं वहिनींनी मला सांगितलं, गायकवाडांनी त्याला दुजोरा दिला. डॉक्टरांनी फॉर्म बाजूला ठेवला आणि वहिनींना मराठीत विचारलं, कसं दुखतं. वहिनी म्हणाल्या, "ह्यांना म्हाईत हाय." गायकवाड वही न उघडता अकरा मिनिटं बोलले. डॉक्टरांनी मधे अडवलं नाही.

ऑपरेशन लागलं नाही. गोळ्या दिल्या आणि कमरेचे पाच व्यायाम लिहून दिले. व्यायाम वहिनींना सांगितले आहेत. रोज पाच वाजता ओट्यावर ते दोघं करतात.