दिनकरचा बर्फ

गुरुवारी दुपारी हमरिया बंदरावरच्या गोदामातून फोन आला. माझा नवरा दिनकर खुर्चीत बसला होता, तो उठला नाही. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं.

त्या दिवशीही सकाळी त्याने आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बर्फाचा अंदाज टाकला होता. जॉर्जिया देशातल्या एका डोंगरावरच्या बर्फाचा. आम्ही राहतो शारजात, जिथे फेब्रुवारीतही बाल्कनीतले कपडे बघता बघता वाळतात. दिनकरने बर्फाचा डोंगर कधी पाहिला नव्हता. त्याचा अधिकार एवढाच, की तो गोठवलेल्या मासळीच्या गोदामाचा मॅनेजर होता. "मी रोज उणे अठरात उभा असतो," तो म्हणे. "थंडी मला शिकवू नका."

उपग्रहाचे नकाशे तो बघायचा, पण शेवटचा शब्द कोळंबीच्या खोक्यांचा. खोक्यावर बसलेला हिमाचा थर बोटांत चुरला की जॉर्जियातली हवा त्याला "हाताला कळे". मग मेसेज जाई: "वर भुसभुशीत, खाली चिखल. वारा वाईट. गॉगल घ्या. शहाणपणा करू नका."

खालच्या मजल्यावरचा, वसईचा डिसोझा लिफ्टमध्ये विचारायचा, "काय दिनकर, आज शारजात किती इंच?"

"तुझ्या टकलावर साचला की मोजून सांगतो, हबीबी."

त्याच डोंगरावर आमचा मुलगा रोहन लोकांना स्की शिकवतो. इंजिनिअरची नोकरी सोडून तो गेला, तेव्हा दिनकर म्हणाला, "खलास. मला फोन करायचा नाही." दोघांनी ते पाळलं. इतकं एकमत त्यांचं पूर्वी कशावरच झालं नव्हतं. रोहन मला फोन करायचा. तेवढा वेळ दिनकर टीव्हीचा आवाज कमी करून ठेवायचा.

ग्रुपचा ॲडमिन दिनकरच. घर सोडून जाणाऱ्याला तो सामान खाली उतरायच्या आत काढून टाके. रोहनचा नंबर मात्र राहिला. डिसोझाने एकदा आठवण करून दिली, तर म्हणाला, "राहू दे रे. तो काय जागा अडवतोय?"

गेल्या हिवाळ्यात अंदाज चुकला. दिनकरने लिहिलं, "लख्ख ऊन, बिनधास्त जा", आणि डोंगरावर वादळ झालं. दुसऱ्या दिवशी रोहनचा मला फोन आला.

"रोहन ठीक आहे," मी दिनकरला सांगितलं.

"मी कुठे त्याचं विचारलं?"

मग त्याने ग्रुपवर टाकलं: "कालचा अंदाज चुकला. माफ करा. सुखरूप असाल तर अंगठा दाखवा."

इमारतीतले सगळे आपापल्या सोफ्यावर सुखरूप होते. धडाधड अंगठे आले. डिसोझाने हेल्मेट घालून फोटो पाठवला. दिनकर ताट समोर ठेवून एकेका अंगठ्यापुढचं नाव वाचत होता. आमटी निवली. हवं होतं ते नाव आलं नाही.

अंत्यसंस्काराला रोहन आला. मी त्याला त्या मेसेजचं विचारलं.

"पाहिला होता, आई. आय वॉज फाइन. म्हटलं, तू सांगशीलच."

"सांगितलं होतं."

"देन?"

मी चहा ठेवायला उठले.

रोहन परत गेला. आता आम्ही रविवारी फोनवर बोलतो. तो तिकडची हवा सांगतो, मी इकडची सांगते.