गाण्याचं कोटेशन

"विशाखाच्या गाण्याचं माझ्यावर सोड," श्रीहरी मेश्रामनं बायकोला सांगितलं. "कचेरीसाठी टेबलं घेतली, कपाटं घेतली, पंखे घेतले. माझ्या हातून कधी खराब माल आला काय?"

अंजनाबाईनं आरमोरीच्या कचेरीतला पंखा पाहिला होता. तो फिरायचा खरा, पण खाली बसलेल्या माणसाला वारा म्हणून लागायचा नाही. ती तांदूळ पाखडत राहिली.

गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून फुटून नुकताच वेगळा झाला होता, तेव्हाची ही गोष्ट. श्रीहरी सरकारी कचेरीत हेडक्लार्क. गाव आरमोरीहून सायकलीनं जाण्यासारखं. पोरगी विशाखा नववीचा शेवटचा पेपर देऊन मोकळी झालेली, आणि गळा असा की भीमजयंतीला ती गायला उभी राहिली म्हणजे लाडू वाटणारे हातसुद्धा थांबायचे. तिला उन्हाळ्यात शास्त्रीय गाणं शिकायचं होतं, आणि तेही चंद्रपूरच्या अन्नपूर्णाबाईंकडेच. बाई दर मे महिन्यात हायस्कूलच्या मुलींचा वर्ग घेत, मुलींना घरीच ठेवून घेत आणि महिनाभर एकच राग घोटून घेत. विशाखानं त्यांना एकदा शाळेत ऐकलं आणि तेव्हापासून तिच्या तोंडी दुसरं नाव नव्हतं.

"तं मंग बसवून द्या ना तिले येष्टीत," अंजनाबाई म्हणाली. "पोट्टीनंच निवडलं हाय. तुमी आनखी काय निवडता?"

"असं कसं? तीन कोटेशनं पायजे. एकच कोटेशन घेऊन माल घेतला तं आडिटवाला सोडन काय?"

"घरात कोनता आडिटवाला येऊन राह्यला?"

येणारी होती ती केसरबाई. श्रीहरीची मोठी बहीण, कुरखेड्याला दिलेली. आई लवकर गेली तेव्हा हिनंच श्रीहरीला खांद्यावर वाढवलेलं, त्यामुळे साहेबाच्या सहीत चूक काढणारा हा माणूस बहिणीसमोर मांजर व्हायचा. केसरबाईनं विशाखासाठी एक स्थळ धरून ठेवलं होतं. निवृत्त हेडमास्तर लहानूजींचा मुलगा. "साक्षगंध करून ठेवू, लगन मंग पाहू," असा तिचा निरोप आला होता. आता असा साखरपुडा झाल्यावर पोरीला गाणं शिकायला कोण धाडतो? एकदा का विशाखा चंद्रपूरला गेली की महिनाभर ती केसरबाईच्या हाताला लागत नव्हती, आणि शाळा उघडली की दहावीचं निमित्त होतंच. एवढं सगळं श्रीहरीला कळत होतं. पण नियम तो नियम.

पहिलं कोटेशन अन्नपूर्णाबाईंचं. दुसरं वडशाच्या लटारू मास्तरचं. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटकं लागतात, आणि लटारू मास्तर म्हणजे त्या नाटकांतला नामी ऑर्गनवाला. उन्हाळ्यात कंपन्या बंद, ऑर्गनवर चादर, म्हणून मास्तर गाण्याचा वर्ग चालवायचे. तिसरं कोटेशन अंजनाबाईच्या भावाचं, रामाजीचं. रामाजी भजन मंडळात खंजिरी वाजवायचा आणि शास्त्रीय गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण तिसरं कोटेशन सगळ्याच कचेऱ्यांत नावापुरतंच असतं.

श्रीहरीनं बाईंना आणि मास्तरांना पत्रं टाकली. 'विषय: गायन शिकविणेबाबत. सदर गायनाचा नमुना प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पुढील कार्यवाही करता येणार नाही, सबब एप्रिलच्या शेवटच्या रविवारी ऊन उतरल्यावर नमुन्यासह हजर राहावे.' पत्र वाचून अंजनाबाईनं कपाळाला हात लावला.

आता गंमत अशी झाली की रामाजीला आपण नावापुरते आहोत हे कोणी सांगितलंच नाही. तो आरमोरीच्या बाजारात प्रत्येक ओळखीच्या माणसाला थांबवून सांगत सुटला, "रविवारी आपल्याले स्टेजवर उभं राहाचं हाय. वडशाचे लटारू मास्तर बी येऊन राह्यले." तिकडे श्रीहरीनं कोतवाल इसरूला पंचायतीची सतरंजी आणि शाळेचे दोन लाकडी तखत अंगणात आणून टाकायला सांगितलं. तखत, सतरंजी आणि लटारू मास्तर. झाडीपट्टीच्या माणसाला आणखी काय सांगायचं राहिलं?

"भाऊ, कोनतं नाटक हाय?" इसरूनं विचारलं.

"नाटक नाई. निवड हाय."

इसरूनं मान हलवली आणि गावभर सांगितलं की नाटकाचं नाव 'निवड' आहे, पण श्रीहरीभाऊ कथा फुटू देत नाही.

श्रीहरी ज्याला त्याला समजावत सुटला. जितकं समजावलं तितकं लोकांचं कुतूहल वाढलं. भर उन्हाळ्यात नाटक लागतं म्हणजे काहीतरी खासच असणार. तेंदूपत्ता तोडायला गेलेले लोक शनिवारी जंगलातून परत आले. आणि गावात नाटक म्हटलं की पाहुणे आलेच. कुठं लागतंय कळलं की लेकीबाळी, जावई, व्याही, व्याह्याचे शेजारी, सगळे पिशव्या घेऊन हजर. रविवारी सकाळी अंजनाबाईच्या घरात इतके पाहुणे झाले की चुलीवर पातेलं मावेना. त्यातला एक तर कोणाचाच नातेवाईक निघाला नाही, पण तोवर तो जेवला होता.

दुपारी केसरबाई उतरली. एकटी नव्हती. सोबत लहानूजी, त्यांची बायको आणि दोन भाऊबंद.

"नाटकाच्या निमित्तानं पोट्टी पाहून घेतो म्हनलं," केसरबाई म्हणाली. "वेगळा खर्च नाई, वेगळा पानसुपारीचा कुटाना नाई. काऊन गा श्रीहरी, बरं केलं ना?"

"बरं केलं बाई," श्रीहरी म्हणाला.

त्यात काही नवल नव्हतं. नाटकाच्या मांडवात आमच्याकडे निम्मी लग्नं जुळतात. केसरबाईनं विशाखाला आत नेलं आणि स्वतःचं लुगडं नेसवलं. थोड्या वेळानं पोरगी मागच्या दारानं बाहेर आली आणि फाइल लावत बसलेल्या बापासमोर उभी राहिली.

"बाबा, ते हो म्हनले तं तुमी आत्याले नाई म्हनसान ना?"

श्रीहरीनं फाइलीची नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

"पाहू," तो म्हणाला. पोरगी आत गेली.

ऊन उतरलं तेव्हा अंगणात मुंगीला जागा नव्हती. बैलगाड्या बांधापर्यंत लागल्या होत्या. चहावाला आला, भजेवाला आला, पानठेलेवाल्यानं ठेलाच उचलून आणला. लोक बोऱ्या अंथरून बसले, आणि लहानूजींच्या मंडळींना केसरबाईनं पहिल्या रांगेत खुर्च्या मिळवून दिल्या.

अन्नपूर्णाबाई येष्टीनं आल्या. उंच, काटक, पांढरी सुती साडी आणि काखेत तानपुरा.

"मी यायचं काही कारण नव्हतं," त्या श्रीहरीला म्हणाल्या. "पण सुराचा नमुना मागणारा माणूस दिसतो कसा, ते मला बघायचं होतं."

श्रीहरीनं त्यांचं नाव फाइलीत हजर म्हणून लिहून घेतलं.

बाई तखतावर बसल्या, तानपुरा जुळवला आणि डोळे मिटून संथ आलाप सुरू केला. लोकांना वाटलं ही नांदी. नांदीला मान द्यायचा असतो, म्हणून पहिल्यांदा सगळे हात जोडून बसले. बाईंचा आलाप काही संपेना. एक भज्यांची परात संपली, दुसरी तळून झाली, तरी बाई आपल्या त्याच चार सुरांत घर करून बसलेल्या. मागून पोचू नावाचा एक म्हातारा काळजीनं म्हणाला, "नांदी तं लय मोठी हाय बाप्पा. पडदा कवा उघडते?"

"पडदाच नाई ना बांधला," शेजारी म्हणाला.

आतल्या दाराशी उभी असलेली विशाखा मात्र हलली नव्हती. अंगावर केसरबाईचं लुगडं, आणि ओठ बाईंच्या मागोमाग हलत होते.

मग लटारू मास्तर बसले. त्यांनी ऑर्गनवर नुसती बोटं टाकली आणि लोक उठून उभे राहिले. मास्तरांनी एक नाट्यपद म्हटलं, वन्समोर. पुन्हा म्हटलं, पुन्हा वन्समोर. मास्तरांनाही होळीपासून वन्समोर मिळाला नव्हता, त्यामुळे त्यांनीही आढेवेढे घेतले नाहीत. शेवटी त्यांचा घसा बसला आणि ते पाणी मागू लागले.

"आता राजा येऊ द्या," मागून आवाज आला.

आता यायचं होतं तिसरं कोटेशन. पण एवढी माणसं पाहून रामाजी खंजिरी घेऊन शेजारच्या बकऱ्यांच्या कोठ्यात जाऊन बसला होता. हाका मारल्या तर तिथून बकऱ्याच ओ देत होत्या. तखत रिकामा. लोक टाळ्या पिटू लागले, शिट्ट्या वाजल्या, एका मुलानं भजं फेकलं. लहानूजी घड्याळ पाहू लागले. श्रीहरीचा संयम सुटला. तो फाइल काखेत मारून तखतावर चढला.

"बंधू-भगिनींनो, शांत व्हा. हे नाटक नाई."

लोक लगेच शांत झाले. राजाच्या आधी विनोदी नट येतो हे त्यांना ठाऊकच होतं.

"शासनाच्या नियमाप्रमानं कोनताबी माल घेन्याआधी नमुना पाहावा लागते. इथी माल म्हंजे गानं."

मागच्या बोऱ्यांवरची एक बाई फिसकन हसली. आणि त्याच वेळी, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, लटारू मास्तरांच्या बोटांनी ऑर्गनवर 'ट्यांव' केलं. मास्तरांचा इलाज नव्हता, विनोदी नटाचं वाक्य संपलं की त्यांचा हात आपोआप पडायचा.

"गानं हा टिकाऊ माल हाय का नाशवंत माल हाय, याचा अजून निर्नय झाला नाई," श्रीहरी ओरडला.

ट्यांव. लोक पोट धरून मागच्यांच्या अंगावर पडले.

"हसू नोका. सरकारी काम हाय हे."

ट्यांव.

"मास्तर, ते बंद करा. मी तुमाले अपात्र ठरवीन."

"वन्समोर," लोक ओरडले. "माल म्हंजे गानं, तिथून घ्या."

रागानं श्रीहरीचा तोल गेला. आपलं म्हणणं लोकांना नीट ऐकूच आलं नसेल असं वाटून त्यानं खरंच पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. तुलनात्मक तक्ता म्हणजे काय तेही सांगितलं. तक्ता दाखवायला फाइल उघडली तर नाडी बोटात गुंतली, कागद उडाले, आणि कागद धरायला तो वाकला तेव्हा तखताची एक फळी उचकटून तो बसला तो थेट ऑर्गनवर. या वेळचा ट्यांव मास्तरांनी वाजवला नव्हता.

पोचू म्हातारा डोळे पुसत उठला आणि त्यानं जाहीर केलं, "विनोदी नटाले माझ्याकडून दोन रुपये इनाम."

हसली नाहीत ती फक्त पहिल्या रांगेतली मंडळी. लहानूजी उठले. केसरबाई त्यांच्यामागे धावली.

"पोरगी पाहून तं घ्या, भाऊ."

"पोरगी चांगलीच असन," लहानूजी म्हणाले. "पन आमच्या घरान्यात आजवर कोनी तोंडाले रंग नाई लावला. नाटकवाल्याच्या घरी सोयरीक आमाले जमत नाई."

श्रीहरी ऑर्गनवरून कसाबसा उठून आला. "मी बी नाई लावला जी रंग. पाहा ना, कुठी हाय रंग?"

"तेच तं म्हनून राह्यलो. बिनरंगाचा एवढं करते, रंग लावल्यावर काय करन?"

आणि मंडळी बैलगाडीत बसून निघूनही गेली. केसरबाईनं भावाकडे असं पाहिलं की तो पुन्हा लहान झाला.

"आईच्या मागं तुले पाहाडासारखा केला," ती म्हणाली, "त्याचं हे केलं तू." आणि ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली.

सकाळी अन्नपूर्णाबाईंनी ओसरीवर विशाखाला बोलावलं. "सा लाव," म्हणाल्या. विशाखानं सा लावला. आदल्या दिवशीची सगळी धाकधूक त्या एका सुरात बसून राहिली होती आणि तो हलत नव्हता. दाराशी दात घासत उभे असलेले पाहुणे दात घासायचे थांबले. श्रीहरीला एकदम भरून आलं, आणि गाणं कोणत्या सदरात टाकायचं हा प्रश्न त्याला त्या वेळी पडला नाही.

"पिशवी भर," बाई म्हणाल्या. मग श्रीहरीकडे वळल्या. "माझी एक अट आहे. महिनाभर तुम्ही चंद्रपूरला यायचं नाही."

अट मान्य झाली. श्रीहरी आणि अंजनाबाई त्या दोघींना पोचवायला फाट्यावर गेले. लाल गाडी आली, बाई तानपुरा सांभाळत वर चढल्या. विशाखा पायरीवर चढली आणि पुन्हा खाली उतरून बापाजवळ आली. तिचे डोळे भरले होते.

"बाबा, तुमी जानूनबुजून केलं ना ते? पाहुने पळावे म्हनून? आत्याले नाई म्हनाची हिंमत नाई होत म्हनून, माझ्यासाठी एवढ्या लोकायसमोर..."

श्रीहरीनं पोरीच्या तोंडाकडे पाहिलं. मग रस्त्याकडे पाहिलं.

"मंग काय," तो म्हणाला. "उगंच कोन करते असं?"

कंडक्टरनं घंटी दिली. खिडकीतून विशाखाचा हात दिसेनासा होईपर्यंत दोघं तिथंच उभे राहिले. अंजनाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नवऱ्याकडे टक लावून पाहिलं.

"जानूनबुजून," ती म्हणाली.

"चाल घरी," श्रीहरी म्हणाला. "पाहुने उपाशी असतीन."

"पाहुने जेवले. अंगनात तखतासमोर जाऊन बसले हायेत. आजचा खेळ किती वाजता म्हनून इचारत होते."